कित्तूरकर संख्या

गणितात काहीही लपवता येत नाही, म्हणून ते सर्वांत पवित्र शास्त्र आहे, असं आमचे प्राचार्य रेडेकर स्टाफरूममध्ये उभं राहून म्हणाले आणि आम्ही चौदा जणांनी माना डोलावल्या. प्राचार्य स्वतः इतिहासाचे. मान डोलावणाऱ्यांत गणिताचा एकच होता, तोही हंगामी. त्या वर्षी आमचा बारावीचा गणिताचा निकाल एकोणीस टक्के लागला होता. गणितात काही लपत नसेलही, पण गणितापासून आमची पोरं व्यवस्थित लपून होती.

हे एकोणनव्वद सालचं. कोल्हापूरच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या एका तालुक्याच्या गावात मी राज्यशास्त्र शिकवत होतो. गणिताचे विभागप्रमुख कित्तूरकर सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि त्यांचा सत्कार कसा करायचा, यासाठी ती सभा होती. शाल, श्रीफळ, मानपत्र हे तर शिपायालाही मिळतं, असं प्राचार्यांचं म्हणणं. सरांचं काम मोठं होतं, म्हणजे नऊ आकडी होतं.

त्रेचाळीस कोटी एकोणपन्नास लाख एकोणचाळीस हजार पाचशे सदतीस. ४३४९३९५३७. ही संख्या गावात सगळ्यांना पाठ होती. तिला कशानंही भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या आहे, हे सर आठ वर्षं तपासत होते. रोज संध्याकाळी ओसरीवर पाटी घेऊन बसायचे, कोष्टकातली पुढची मूळ संख्या घ्यायची, भाग घालायचा, बाकी उरली की पाटी पुसायची. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "सर, गेला का भाग?" सर म्हणायचे, "नाही गेला." इतर गावांत लोक एकमेकांना जेवलात का म्हणून विचारतात, तसं आमच्याकडे हे. दूधवाला विचारायचा, पोस्टमन विचारायचा, एकदा बदली होऊन आलेल्या फौजदारानंही विचारलं होतं. त्याला वाटलं, कोर्टात काहीतरी चालू आहे.

तर प्राचार्यांची योजना अशी की ग्रंथालयाच्या नव्या इमारतीच्या दारात संगमरवरी फरशी बसवायची. वर ती संख्या, खाली 'कित्तूरकर संख्या' आणि त्याखाली 'ही संख्या अविभाज्य आहे'. अनावरण साखर कारखान्याच्या चेअरमनांच्या हस्ते. फक्त विद्यापीठातल्या कुणीतरी त्यांना सावध केलं होतं की एकट्या माणसाचं गणित धरत नाहीत, दुसऱ्या कुणीतरी ताळा घ्यावा लागतो. म्हणून प्राचार्यांनी मूळ संख्यांच्या कोष्टकाची सुरुवातीची, लागणारी तेवढी पानं सायक्लोस्टाइल करून कात्रीनं त्यांच्या चौदा पट्ट्या केल्या आणि सुपरव्हिजनच्या ड्युट्या वाटाव्यात तशा वाटल्या. प्रत्येकी दीडशेच्या वर भागाकार. आठवड्यात सही करून परत.

हिंदीच्या बाईंनी चहा यायच्या आत सही केली. व्यायाम शिक्षकांनी पहिल्या पाचांनी भाग घातला तर चालेल का, असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता तेही केलं नाही. कॉमर्सच्या शहांकडे कॅल्क्युलेटर होता, पण तो आठ आकडी. नऊ आकडे घातले की पडद्यावर एक ई उमटायचा. हा ई म्हणजे काय यावर कॉमर्स विभागात दोन मतं होती. शहांनी अनुकूल मत धरून सही केली.

मी मात्र खरोखर भाग घालत बसलो. यात थोरपणा काही नाही. मी अविवाहित होतो, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत राहत होतो आणि सोसायटीच्या निवडणुका असल्यामुळे माझे तीनही विद्यार्थी प्रचारात होते. शिवाय लांबलचक भागाकार ही शाळेत मला जमलेली एकमेव गोष्ट. माझी पट्टी साडेतीन हजारांच्या पुढून सुरू होऊन पाच हजारांच्या आसपास संपत होती. रविवारी दुपारी ४१३९ पाशी आलो. बाकी आली बरोब्बर एक हजार. एवढी गोल बाकी बघून मला वाटलं चुकलो. पुन्हा केलं, पुन्हा हजार. मग पुढची घेतली. ४१५३.

बाकी काहीच उरली नाही.

मी गुणून पाहिलं. चार हजार एकशे त्रेपन्न गुणिले एक लाख चार हजार सातशे एकोणतीस. खाली त्रेचाळीस कोटी आणि पुढचं सगळं, पाचशे सदतीसपर्यंत, सुबकपणे उभं राहिलं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला आनंद झाला. राज्यशास्त्रानं गणिताला हरवण्याचा प्रसंग रोज येत नाही. मग आठवलं की फरशी कोल्हापूरहून भाताच्या पिंजरात गुंडाळून येऊन पडली आहे आणि तिच्यावर एका म्हाताऱ्या माणसाची आठ वर्षं कोरलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांकडे गेलो. काकू शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. सर ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, गिरणीच्या आवाजाचा त्रास होतो का विचारलं, आणि मग कातरता कातरता म्हणाले,

"कुठली पट्टी आली तुमच्याकडे?"

"चार हजारांची."

अडकित्ता थांबला.

"म्हणजे तुम्ही खरंच भाग घातलात."

मी हो म्हटलं.

"मी रेडेकरांना सांगितलं होतं, राज्यशास्त्राला देऊ नका म्हणून. त्यांना वेळ असतो."

"सर, चार हजार एकशे..."

त्यांनी हात वर केला आणि आतल्या दाराकडे पाहिलं.

"मोठ्यानं नको."

"काकू घरात नाहीत."

"तरी नको."

मग ते पुन्हा सुपारी कातरू लागले. मी समजूत घालण्याच्या सुरात म्हणालो की आठ वर्षांत हजारो भागाकारांत एखादा सुटतोच, कुणाचाही सुटेल. ते माझ्याकडे, माझे सगळे विद्यार्थी नापास झाल्यासारखे बघत राहिले.

"सुटला नाही," ते म्हणाले. "संख्या मीच बनवली आहे. कोष्टकातली अगदी शेवटची मूळ संख्या घेतली आणि तुम्ही म्हणत होतात तिनं गुणली. मग गावाला सांगितलं, बघतोय भाग जातो का."

सरांना एक मुलगी होती आणि ती अपघातात गेली, एवढं गावातल्या नव्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळायचं. पुढचं त्यांनी त्या दुपारी सांगितलं. वैजयंती तिचं नाव, घरात वैजू. बापलेकींचा एक खेळ होता. रस्त्यानं जाताना गाडी दिसली की तिच्या नंबराचे अवयव पाडायचे, जो आधी पाडेल तो जिंकला. नववीपासून वैजूच जिंकायची. आणि कशानंच भाग न जाणारा नंबर दिसला की दोघं काही न बोलता एकमेकांकडे बघायचे. तो दिवस चांगला जातो, असं त्यांचं ठरलेलं होतं.

मला हे ऐकून काहीसं विचित्र वाटलं, कारण राहुकाळ, पंचांग आणि मुहूर्त यांच्यावर सरांचं एक व्याख्यान होतं. दर गणेशोत्सवात ते द्यायचे आणि त्यामुळे दोन मंडळांनी त्यांना बोलवायचं बंद केलं होतं. मी विचारलं, चांगला जातो याला आधार काय?

"शून्य," सर म्हणाले. "तेच तर. मजेत ठरवलं होतं. मजेत ठरवलेलं माणूस तपासत नाही."

एक्याऐंशी साली वैजूची बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल होती कोल्हापूरला. सकाळची एस.टी. आली नाही. स्टँडबाहेर वडापच्या, म्हणजे मिळतील तेवढी माणसं भरून नेणाऱ्या, दोन खाजगी जीप उभ्या होत्या, फाट्यापर्यंत आणि पुढे घाटातून कोल्हापूर. वैजू पहिल्या जीपमध्ये बसलीसुद्धा, पुढे, खिडकीशी. सरांनी दोन्ही नंबर पाहिले. तिच्या गाडीचा सम होता, मागचीचा मूळ, माझ्या पट्टीवरचा तोच. ते खिडकीशी गेले आणि म्हणाले, यातून उतर, मागचीत बस. ती हसली. बाबा, परीक्षेला तरी अभ्यासाच्या भरवशावर जाऊ द्या, असं म्हणाली, आणि पिशवी घेऊन उतरली. मागच्या गाडीत पुढची जागा आधीच गेली होती, ती मागे कडेला बसली.

घाटात वडापची जीप दरीत गेली हे अकराच्या सुमारास गावात कळलं. सर तेव्हा पहिल्या वर्षाला भाज्यता शिकवत होते.

"काकूंना हे माहीत नाही?"

"मी स्टँडवर सोडून आलो एवढं माहीत आहे. एकदा तिनं विचारलं, चांगली जागा मिळाली होती का हो तिला. मी म्हटलं, हो."

त्यांनी कातरलेली सुपारी डबीत भरली, एकेक तुकडा करून. त्या दिवसापासून सर रस्त्यानं खाली मान घालून चालायचे. गाव म्हणायचं, शोकानं खचलेत. ते खचले होतेच, पण मान खाली होती ती गाड्यांचे नंबर दिसू नयेत म्हणून. स्टँडकडे ते आठ वर्षांत फिरकले नव्हते. कोष्टकाच्या ज्या पानावर ४१५३ होती, ते त्यांनी टाचण्या लावून बंद करून टाकलं होतं.

मी विचारलं की बाकीच्या सगळ्यांनी भाग जाणार नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तर मग रोज पाटी कशासाठी घ्यायची?

"रोज संध्याकाळी मी तिला दुसऱ्या एका गाडीत बसवून बघतो," सर म्हणाले. "भाग जात नाही. गाडी सुखरूप पोचते. मग पाटी पुसतो आणि जेवायला बसतो."

ओसरीवर ऊन होतं. शेजारून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. मला एकदम मागे वळून बघावंसं वाटलं, पण वळलो नाही, कारण मागे नुसती भिंत होती हे मला माहीत होतं.

निघताना मी विचारलं की पट्टीवर सही करून देऊ का, बाकी तेराजणांनी केली तशी. सर उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे.

"खरं ते लिहा. ताळा म्हणजे ताळा. स्टेजवर काय बोलायचं ते मी बघतो. फक्त कारण कुणाला सांगू नका. तिला तर नकोच. तिनं आठ वर्षं माझ्यासमोर ताट वाढलंय. पुढेही वाढू दे."

मी खरं ते लिहिलं. ४१५३ च्या पुढे 'भाग जातो' आणि खाली सही. प्राचार्यांनी पट्टी वाचली, दार लावून घेतलं आणि मला समजावलं की फरशी आलेली आहे, चेअरमनांची तारीख मिळालेली आहे. पट्टीची घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

"सबनीस, एकूण किती संख्यांनी भाग घालून बघितला आपण?"

"तेवीसशेच्या वर."

"त्यातल्या एकीनं गेला. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात? बहुमत म्हणतात ना?"

याला उत्तर असेल, पण मी अजून कायम झालो नव्हतो.

समारंभ मांडवात झाला. पहिल्या रांगेत चेअरमनांच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या शेजारी काकू, मांडीवर नारळ घेऊन. चेअरमनांनी फरशीवरचा पडदा ओढला आणि भाषणात सांगितलं की ही संख्या सहकाराचं प्रतीक आहे, कारण तिला कुणी फोडू शकत नाही. टाळ्या झाल्या. त्यांच्या कारखान्यात त्याच महिन्यात फूट पडली होती, त्यामुळे अर्ध्या टाळ्या जास्तच मनापासून होत्या.

मग सर उठले. हातात कागद होता, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. माइकची उंची कमी केली. काकूंकडे पाहिलं. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो आणि आता काय होणार ते त्या मांडवात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

"मित्रहो," सर म्हणाले, "या संख्येला चार हजार एकशे त्रेपन्ननं भाग जातो."

आणि खाली बसले.

कुणीतरी खोकलं. मग प्राचार्य माइकपाशी धावले आणि म्हणाले की आयुष्यभराच्या तपश्चर्येतही स्वतःच उणीव शोधणं, यालाच विनय म्हणतात, आणि असा विनय आता दुर्मिळ होत चालला आहे. यावर सगळा मांडव उठून टाळ्या वाजवायला लागला. व्यायाम शिक्षकांनी शिट्टी वाजवली. मी काकूंकडे बघत होतो. त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. केवढी खंबीर बाई, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

त्यानंतर सरांची पाटी बंद झाली. संध्याकाळी ते ओसरीवर नुसतेच बसायचे. दूधवाल्यानं सवयीनं विचारलं, गेला का भाग, तर सर म्हणाले, गेला. मग आता काय, असं त्यानं विचारलं. आता काही नाही, असं सर म्हणाले. मी कधी गेलो की ते मला बसवून घ्यायचे, पण बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले की गेले काही दिवस ती कुठल्याच गाडीत बसत नाही, स्टँडवरच उभी राहते. मी म्हटलं, कोण, आणि लगेच वाटलं की विचारायला नको होतं. श्रावणात एका सकाळी काकू चहा घेऊन ओसरीवर आल्या तर सर खांबाला टेकून बसलेले होते, डोळे उघडे, रस्त्याकडे.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी मी भेटायला गेलो. काकूंनी चहा दिला, समोर बसल्या. त्यांच्या भावाच्या गावी जाऊन राहायचं चाललं होतं, त्याबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या,

"सबनीस, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. मांडवात हे जो आकडा बोलले, तो कसला होता? सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या. पण तो बोलताना हे माझ्याकडे बघत होते."

सरांनी सांगू नका म्हटलं होतं. पण ज्यांच्या ताटाची त्यांना काळजी होती, ते ताट आता वाढायचं नव्हतं. मी सांगितलं. खेळ, दोन जीप, खिडकीतली जागा, मागची गाडी, सगळं. सांगताना मी खाली बघत होतो. संपल्यावर वर पाहिलं तर काकू रडत नव्हत्या. घरातल्या माणसानं चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधावा आणि आपण ते बघत राहावं, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या.

"पण वैजू त्या गाडीत नव्हती," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"फाट्यापर्यंत होती. मागच्या गाडीला पाचच माणसं मिळाली होती. फाट्यावर तिच्या ड्रायव्हरनं, बाळू नाईकानं, ती पाचही पुढच्या गाडीत भरली आणि रिकामी घेऊन परत आला. वडापवाले करतातच की तसं. डिझेल परवडत नाही."

"पुढच्या गाडीत जागा होती?"

"वडापला जागा नाही असं कधी असतं का?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाळूनंच. कोर्टात साक्ष झाली त्याची. दाव्याच्या प्रत्येक तारखेला मी आणि भाऊ जात होतो. हे आले नाहीत कधी. घरात मी विषय काढला की उठायचे आणि पाटी घेऊन बसायचे. मला वाटायचं, आकडेमोडीत मन रमतंय ना, रमू दे. मग मीही काढायचं सोडून दिलं." त्यांनी माझा कप उचलला. "बाळूची जीप अजून आहे स्टँडवर. मी दवाखान्यात तिनंच जाते."

मी विचारलं, दरीत कुठली गाडी गेली?

"पुढची. आधी बसली होती म्हणता, तीच. दोनच तर होत्या त्या दिवशी."

नंबर आठवतो का, हे मी का विचारलं, ते मला आजही सांगता येणार नाही. काकूंना विचार करावा लागला नाही. कोर्टात दर तारखेला तो पुकारला जात होता.

"बावीसशे शहाऐंशी."

त्याला दोननं भाग जातो.